ताईचं नाक

आमच्या ताईला घरात सगळे 'नाकवाली' म्हणतात. ताट समोर आलं की आधी हुंगणार, मग खाणार. आई किती ओरडायची, "अगं, हुंगलेलं अन्न दुसऱ्याला वाढू नये!" पण जित्याची खोड. नर्स होऊन परदेशी गेली तेव्हा स्वेटर घरी विसरली, नाक मात्र आठवणीने घेऊन गेली.

तिकडच्या खाण्याने तिचे हाल झाले. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये रोज काहीतरी नवं, थंडगार, राखाडी, थलथलणारं. ती बशी उचलायची, हुंगायची, ठेवून द्यायची. सात महिने पाव आणि केळ्यांवर काढले. मी फोन केला की बोलता बोलता खोलीभर येरझाऱ्या घालायची. "बस ना जरा," म्हटलं की म्हणायची, "पोटात काही असलं तर बसवेल ना!" मला तिचा राग यायचा आणि फोन ठेवल्यावर मलाच घास जायचा नाही.

मग तिच्या वॉर्डात एक म्हातारी आली. जन्मभर कपडे शिवलेली, मागेपुढे कोणी नाही. मांडीचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण जेवण बंद. दुपारचं जेवण ताईच द्यायची. पाच दिवस बाईने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, उद्या दुपारी खाल्लं नाही तर नाकातून नळी घालू. म्हातारी त्या नळीला भयंकर घाबरली, तरी ओठ उघडेना. ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ड्यूटी संपली तरी ती घरी जायची सोडून दोनदा त्या खाटेपाशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी ताईने वाटीवरचं झाकण काढलं. तिकडची भाषा तिला आता बोलण्यापुरती येते. म्हणाली, "आजी, दोन घास तरी खा."

"आधी तू खा," म्हातारी म्हणाली.

"मी?"

"रोज झाकण काढतेस, वास घेतेस आणि नाक मुरडतेस. मला वाटतं, इथलं सगळंच जेवण नासलेलं असतं. तू तोंडात घालत नाहीस, मग मी का घालू?"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच दिवस ती जिची मनधरणी करत होती, तिला उपाशी ठेवणारं नाक तिचंच होतं. ती तडक गेली, जेवणाच्या गाडीवरून आणखी एक वाटी आणली आणि न हुंगता दोन चमचे तोंडात टाकले. चेहरा जमेल तितका सरळ ठेवला.

"लबाड," म्हातारी म्हणाली. "आवडलं नाही तुला."

"नाही आवडलं," ताईने कबूल करून टाकलं. "पण नासलेलं नाही. ताजं आहे."

"मलाही नाही आवडत. मीठच घालत नाहीत मेले. आण इकडे."

नळी आली तशी परत गेली. त्या दिवशी ताई फोनवर पहिल्यांदा खुर्चीत बसून बोलली. बोलताना रडत होती, म्हणून मी विषय बदलला.

"मग, चव कशी होती शेवटी?"

"पहिल्या दोन चमच्यांची वाईट. पुढची कोणास ठाऊक," ताई म्हणाली. "माझी वाटी कधी संपली तेच कळलं नाही. सगळं लक्ष म्हातारीच्या चमच्याकडे होतं."