पंचांगाच्या नावावर सांगितलेली बातमी

माझ्या गावापासून ते देऊळ पाच कोसांवर होते, आणि तरीही ते परदेशात होते. ही पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. गोवे अद्याप पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. बांद्याचा बाजार मागे टाकून थोडे चालले की चौकी लागे. तिच्या दोन्ही अंगांची माती एका रंगाची, माड एका वाणाचे, देवही तेच. परंतु पलीकडे आपले नाणे चालत नसे, आपले वर्तमानपत्र जवळ सापडले तर माणसाची चौकशी होई, आणि पुढे पुढे टपालही बंद झाले.

तेथील वृद्ध पुजारी अंथरुणाला खिळल्यामुळे आषाढापासून कार्तिकअखेरपर्यंतची पूजा आणि सायंकाळचे पुराण माझ्याकडे आले. देवस्थानच्या कारभाऱ्यांनी माझा परवाना काढवून आणला आणि आपल्याच घरातली पडवीलगतची खोली मला दिली. मी सत्तावीस वर्षांचा होतो. काव्य, व्याकरण आणि थोडे ज्योतिष गुरुगृही शिकलो होतो. आपले पाठांतर चोख आहे याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानालाच मी भक्ती समजत होतो.

कारभाऱ्यांच्या माडीवर बॅटरीवर चालणारा एक रेडिओ होता. त्याची तांब्याची तार खिडकीतून परसातल्या माडाला बांधलेली होती, आणि कोणाला संशय येऊ नये म्हणून घरची मंडळी तिच्यावर कपडे वाळत घालीत. माझे सोवळेही कित्येक दिवस त्याच तारेवर वाळले; मला कळले नव्हते. हिंदुस्थानचे केंद्र ऐकणाऱ्याला पोलीस उचलून नेतात, अशी बोलवा होती. ती कितपत खरी होती हे मला सांगता येणार नाही; भीती मात्र खरी होती.

एका सायंकाळी संध्या आटोपल्यावर कारभारी मला खुणेने वर घेऊन गेले. दारे लावून त्यांनी पेटी सुरू केली आणि आवाज इतका बारीक ठेवला की कान जवळ न्यावा लागे. खरखरीतून एक बाई स्वच्छ मराठीत मुंबईहून बातम्या सांगू लागली. मी उठलो, खाली जाऊन पाय धुऊन आलो आणि मांडी घालून हात जोडून बसलो.

कारभारी हसू दाबत म्हणाले, "भटजी, ती बाई मुंबयत आसा. तिका तुमचे पांय दिसनात."

त्यानंतर मी रोज वर जाऊ लागलो. खोबऱ्याचे भाव, धरणांचे पाणी, कोठल्या तरी शाळेचे बक्षीसवाटप, सारे मी पुराणासारखे ऐकत असे. रत्नागिरी जिल्ह्याचे नाव निघाले की छाती भरून येई. आमचा मुलूख तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत होता. इतक्या जवळ असून घरचे पत्र मिळत नव्हते, म्हणून त्या अनोळखी बाईचा आवाजच मला घरचे पत्र वाटे.

आश्विनात भात कापणीला आले होते. एका सकाळी एक शेतकरी देवळात आला आणि उद्यापासून कापणी धरावी का, असे त्याने विचारले. कोकण किनाऱ्यावर दोन दिवसांत पाऊस पडण्याचा संभव आहे, हे मी आदल्या सायंकाळी ऐकले होते. रेडिओचे नाव घेतले असते तर यजमान अडचणीत आले असते, हे खरे. पण 'चार दिवस थांबा' एवढे साधे उत्तर मी देऊ शकलो असतो. मी समोरच्या पाटावरचे पंचांग उघडले, पानावरून बोट फिरवले, किंचित डोळे मिटले आणि म्हणालो, "परवा पाऊस आहे. थांबावे."

पाऊस आला. त्याचे भात वाचले, आणि माझा लौकिक तीन वाड्यांवर पसरला. लोक केळीचे घड आणून उंबऱ्याशी ठेवू लागले. कारभाऱ्यांना सारे ठाऊक होते. एकदा ते म्हणाले, "आमच्या पेटयेक तुमी पंचांग करून उडयलें मू?" ते हसले आणि मीही हसलो. ते हसणे आज माझ्या कानाला सोसत नाही.

देवळातल्या समया घासायला एक तिशीची बाई येत असे. माहेर मालवणाकडचे, म्हणून तिची बोली ऐकताना मला बरे वाटे. तिचा नवरा मंगळुरी कौले वाहणाऱ्या गलबतावर खलाशी होता. सरहद्दीची नाकेबंदी झाल्यापासून त्याचे घरी येणे वर्षातून एकदोनदाच होई. एरवी तो मालवणातच उतरे. कार्तिकात समुद्रावर वादळ उठले. दोन दिवस वारा देवळाची कौले उडवीत होता. तिसऱ्या दिवशी ती सभामंडपाच्या पायरीखाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात गाठोडे होते.

"भटजीनू, डोंगरातल्या वाटेन माणसां पहाटेक बांद्याक जातत, त्येंच्यावांगडा मी जातंय. थयसून मालवण गाठीन. पण आदी तुमी पंचांग बघा. माझो घोव बरो आसा काय नाय, इतक्यांच माका सांगा."

दिवेलागणीनंतर ये, असे मी तिला सांगितले. कारण मला पंचांग पाहायचे नव्हते, बातम्या ऐकायच्या होत्या.

त्या सायंकाळी बातमी आली. मंगळुरी कौले भरलेले आणि वादळात सापडलेले एक गलबत वेंगुर्ल्याच्या बंदराला लागले असून त्यावरचे सर्व खलाशी सुखरूप आहेत. बातमीत गलबताचे नावही होते. ते मी ऐकले, आणि माझ्या ध्यानातही राहिले. त्या दिवसांत कौले घेऊन उत्तरेकडे निघणारी गलबते कितीतरी असत; किनाऱ्यावर वाढलेल्या मला हे कोणी शिकवायला नको होते. पण मी धावतच खाली उतरलो, कारण देवळाच्या पायरीखाली ती उभी होती आणि मला माझा लौकिक दिसत होता.

मी तिला नवऱ्याचे नाव विचारले, जन्मनक्षत्र विचारले. नक्षत्र तिला ठाऊक नव्हते. मी बोटांच्या पेरांवर काही मोजल्यासारखे केले. तिचे माणूस कोणत्या गलबतावर आहे, हे मात्र मी विचारले नाही. ज्योतिषी तसे विचारीत नसतो.

"सुखरूप आहे," मी म्हणालो. "जवळच्याच बंदराला लागला आहे. तू जाऊ नकोस. तोच येईल."

शेवटची दोन वाक्ये तर रेडिओनेही सांगितली नव्हती.

तिने गाठोडे सोडले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती चिंच लावून समया घासत असता पाणी भरायला आलेली शेजारीण तिला म्हणाली, "कितें गो, घोव येतलो म्हणून आज समयांक इतलो उजवाड?"

"तुका कित्याक गो पोटात दुखता?" असे म्हणून ती हसली. मी ओलेत्याने देवळाकडे चाललो होतो. ते हसू ऐकून मला धन्यता वाटली.

दहाव्या दिवशी मालवणाजवळच्या कट्टा गावाहून तिच्या नवऱ्याचा म्हातारा चुलता डोंगराच्या वाटेने आला आणि प्राकारात उभा राहूनच त्याने सांगितले. तिच्या नवऱ्याचे गलबत मालवणासमोरच्या खडकांवर फुटले होते. त्याला जिवंत बाहेर काढले, पण बरगड्या चेचल्या होत्या. तो मालवणातल्या दवाखान्यात आठ दिवस जगला आणि शुद्धीवर असेपर्यंत बायकोची वाट पाहत होता. टपाल बंद, आणि त्याच्याजवळ बसलेल्या या म्हाताऱ्याशिवाय निरोप घेऊन येणारे घरात कोणी नव्हते. ती आपण होऊन निघाली असती तर तिसऱ्या दिवशी त्याच्या उशाशी पोचली असती.

मी सभामंडपात होतो. मी गाभाऱ्यात गेलो आणि दार लोटून घेतले. पूजेची वेळ नव्हती. देवासमोर उभे राहण्यासाठी मी आत गेलो नव्हतो. बाहेरच्या माणसांना दिसू नये म्हणून गेलो होतो. ती म्हाताऱ्याबरोबर तशीच मालवणाला निघून गेली.

दिवस उरकून ती परत आली. मी तिच्या शिव्याशापांची तयारी मनाशी केली होती, आणि खरे सांगायचे तर त्यांची मला आशाही होती. ती पायरीखाली उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "भटजीनू, तुमी सांगलात म्हणान मी नव दीस पोटभर जेवलंय, सुखान निजलंय. तितक्यां तरी देवान दिल्यान." तिने पायरीवर नारळ ठेवला.

तो नारळ मी उचलून घेतला.

त्याच क्षणी सांगायला हवे होते. यजमानांची भीती हे कारण मी पुढे केले, आणि ते कारण इतके सोयीचे होते की कित्येक वर्षे मी त्याच्या सावलीत बसून राहिलो. मुदत संपताच मी गावी परतलो. तेव्हापासून कोणी प्रश्न घेऊन आले तर तिथी सांगतो आणि पंचांग मिटतो. लोकांना हा विनय वाटतो, आणि त्यांचा हा समज मी कधी दूर केला नाही.

पुढे गोवे मुक्त झाले. चौकी उठली, आणि माझे कारणही तिच्याबरोबर गेले. तरी पाच कोस चालून जायला मला आणखी दोन वर्षे लागली. कारभाऱ्यांनी रेडिओ माडीवरून ओटीवर आणून ठेवला होता आणि तो भर सकाळी मोठ्याने वाजत होता. ती विहिरीवर समया घासत होती. केस पिकू लागले होते. मी उभ्यानेच सारे सांगितले, पावसापासून नारळापर्यंत.

तिचा हात चालूच होता. "म्हणजे तां पंचांगात नाय होतां?"

"नव्हते."

"रेडिओर होतां."

"होय."

"मगे तेवां तसां सांगूक व्हयां होतां," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. दुकानात चुकीचे माप निघाल्यावर बाई जशी बोलते, तशी ती बोलली. "रेडिओ म्हटलां असतात तर मी इचारलां असतां, गलबताचां नाव काय म्हणान. पंचांगाक कोण नाव इचारता?"

तिने समई उलटी करून तिचे बूड घासायला घेतले. मग विचारले, "रेडिओन नाव सांगल्यान होतां?"

"सांगितले होते."

"काय होतां?"

मी ते नाव सांगितले. इतक्या वर्षांत ते मी कोणापाशी उच्चारले नव्हते. संध्येला बसलो असता मात्र ते न बोलावता येत असे.

तिचा हात थांबला. "तां वेंगुर्ल्याच्या लोकांचां. आमचो त्या गलबतार कधी चडाक नाय." मग, जणू दुसऱ्याच कोणाविषयी, ती म्हणाली, "थंयच्या बायकांक खरी खबर गावली. बरां झालां."

मी पाया पडण्यासाठी वाकू लागलो, तेव्हा ती दचकून मागे सरली. "असां करू नकात हां भटजीनू. लोक बघतत." मग हातातली समई पुढे धरून म्हणाली, "माझे हात चिंचेचे आसत. वायच पाणी ओता."

मी कळशी उचलली, आणि ती समई फिरवील तसे पाणी ओतीत राहिलो.