भिंतीतला चीक

आमच्या मोरीच्या भिंतीत दरवर्षी उंबराचं रोप उगवतं आणि दरवर्षी मी ते मोडते. देठ तुटला की दुधासारखा चीक बोटांना लागतो. साबणाने धुतला तरी बोटं दिवसभर एकमेकांना चिकटत राहतात. चिकाटी हा शब्द याच चिकातून आला असावा. शाळेत बाई माझ्याबद्दल आईला सांगायच्या, "मुलगी हुशार नाही, पण चिकाटीची आहे." मला ते कौतुक वाटायचं. जिथे मोडतं तिथूनच जे चिकटायला लागतं, त्याचं हे नाव आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

यंदा मी गवंडी बोलावला. त्याने भिंत ठिकठिकाणी ठोकून पाहिली.

"मुळं पार आत गेलीत, ताई," तो म्हणाला. "सिमेंटचा भुगा झालाय. आता मुळांनीच भिंत धरून ठेवलीय. काढू नका."

काल झाडताना त्याच भिंतीच्या पलीकडे, खोलीत असलेला पलंग सरकवला, तर माझ्या उशीमागे भिंतीतून एक पांढरं मूळ बाहेर आलं होतं, केसासारखं बारीक. मी ते तोडलं नाही. पलंग होता तिथे सरकवला आणि मोरीत जाऊन रोपाला तांब्याभर पाणी घातलं.