बावचीला ऊन लागतं

चौदाव्या वर्षी माझ्या गालावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला आणि मला मागच्या खोलीत टाकलं. 'टाकलं' हाच शब्द खरा. गावाची दूध सोसायटी आमच्याच ओसरीवर भरायची. बापू, माझे वडील, तिचे चेअरमन. दुष्काळ पडला तसं दूध आटलं, माणसं मात्र आटली नाहीत. पेंडीची नाहीतर टँकरची वाट बघत सकाळपासून अंगणात ठाण मांडून बसायची. एवढ्या डोळ्यांना पोरीचा गाल कसा दाखवायचा, म्हणून शाळा बंद, अंगणही बंद.

धारूरच्या वैद्यांनी बावचीचं बी दिलं होतं. उगाळून लावा आणि कोवळ्या उन्हात बसवा, म्हणाले. आईने निम्मंच ऐकलं. मी रोज लेप लावून अंधारात बसायचे. सहा महिन्यांत डाग जागचा हलला नाही आणि आई वैद्यांच्या नावाने बोटं मोडू लागली.

खोलीला एकच खिडकी. तिच्याखाली दुधाचे कॅन धुतलेलं पाणी वाहायचं, त्यावर हीच बावची माजली होती. तिची पानं अळ्यांनी आपल्या धाग्यांनी शिवून विड्यासारखी गुंडाळलेली असत. दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी गजांतून हात घालून ती उलगडत बसे. उघड्यावर आलेली अळी सावली शोधत सैरावैरा फिरायची. नाही सापडली तर संध्याकाळपर्यंत मेलेली. मला वाटलं, उन्हाने वाळली. पण पलीकडे रुईवरच्या अळ्या भर उन्हात खुशाल चरत होत्या. मग मी बावचीच्या काही अळ्या उलगडलेल्या पानांसकट खोलीत आणल्या. तीच पानं खाऊन त्या अंधारात टुणटुणीत राहिल्या. बावचीचं विष उन्हाशिवाय चढतच नव्हतं.

त्याच दिवसांत माझ्या हाताकडे लक्ष गेलं. लेप लावणारी, रोज खिडकीबाहेर उन्हात जाणारी दोन बोटं काळी पडली होती. गाल होता तसाच.

आईला बोटं दाखवली. औषध खरं आहे, त्याला ऊन पाहिजे, म्हटलं. तिने ती चोळून चोळून पाहिली.

"लोकं बघतेल की गं," एवढंच म्हणाली.

मला तिचा इतका राग आला की रात्री मी तिच्या हातचं जेवले नाही.

सकाळी लेप लावला आणि सरळ अंगणाच्या मधोमध जाऊन बसले. माणसं माना वळवून बघू लागली. बापूंनी मान खाली घातली. आई धावत आली, माझ्यापुढे उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरून तिने मला झाकलं.

"आई, बाजूला हो. तुझी सावली पडती."

"कावून छळती गं मला?" ती रडत होती.

हलली मात्र नाही. पाठीवर ऊन घेत किती वेळ उभी होती कोण जाणे. मग तिचे हात भरून आले असतील. पदर हळूहळू खाली आला, ती माझ्या शेजारी मातीत बसली आणि ऊन दोघींच्या तोंडावर आलं.