निसरड्या खडकावरून सायकल

सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात नोकरी करत होते, तेव्हाची गोष्ट. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी पस्तिशी ओलांडली होती. कॉलेजात असताना सायकलवरून सगळं नाशिक पालथं घातलं होतं, पण लग्नानंतर स्कूटर आली आणि सायकल सुटली. मग आमच्या कारखान्यातल्या चार-पाच पुरुषांनी गिअरच्या, जाड टायरच्या सायकली घेतल्या आणि दर रविवारी सकाळी ते त्र्यंबक रोडच्या डोंगरांत जायला लागले. जेवणाच्या सुट्टीतल्या त्यांच्या गप्पा ऐकून मला राहवेना. मीही तशीच सायकल घेतली आणि म्हटलं, "या रविवारी मीपण येते."

मेंटेनन्सचे साहेब त्यांचे पुढारी. ते हसले. "या की मॅडम. डांबरी रस्त्यापर्यंत या. पुढं नुसता चिखल असतो."

त्यांच्याबरोबर जायचं नाही, असं मी तिथंच ठरवलं. ते सकाळी जाऊन आले की दुपारी मी एकटी निघायची. डांबरी रस्ता सोडला की कारवीच्या झुडपांतून एक गाडवाट वर पठारावर चढायची आणि पलीकडं भातखाचरांकडं उतरायची. त्या उतारावर मधोमध एक काळा खडक होता, एखाद्या घराच्या अंगणाएवढा. पावसाळ्यात त्यावरून पाणी झिरपत राहायचं आणि शेवाळ धरायचं.

श्रावणात मी तिथं पडले. खडकावर सायकल वेगानं आली, मी घाबरले आणि पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढचं चाक सरकलं आणि मी हँडलवरून पलीकडं. खांद्याजवळ काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला.

खालच्या खाचरात एक बाई निंदत होती. ती चिखलाच्या पायांनी वर आली आणि माझ्या तोंडाकडं वाकून बघत म्हणाली, "जित्ती हायेस ना?"

"हो."

"मंग ऊठ. गारठशील." तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि माझा हात छातीशी आवळून बांधला. "कोनी धाडलं तुला हिकडं?"

"कोणी नाही. माझी मीच आले."

"कोनी नाय धाडलं? मंग लय शहाणी हायेस!" म्हणत ती हसायला लागली. मलाही हसू आलं आणि हसल्यावर खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. माझी सायकल ढकलत ती रस्त्यापर्यंत आली, एक जीप थांबवली, सायकल टपावर बांधायला लावली आणि मगच परत फिरली.

गळ्याखालचं हसळीचं हाड मोडलं होतं. दोन्ही खांदे मागं ओढणारा पट्टा बांधून मी घरी बसले. बघायला येणारा प्रत्येक जण आधी खांद्याकडं बघायचा आणि मग सासूबाईंकडं. सासूबाई म्हणायच्या, "मी काय बोलणार? हिला हौस!" एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "पुरे झालं आता. ती सायकल विकून टाकू."

"मोडलंय ते माझं हाड. सायकल धड आहे."

"परत पडलीस म्हणजे?"

"परत पडेन."

तो उठून गॅलरीत गेला. मी माझं म्हणणं मागं घेतलं नाही.

कारखान्यात परतले त्या दिवशी साहेब म्हणाले, "सांगितलं होतं ना, मॅडम?" हाड मोडल्यावर दुखलं नव्हतं तेवढं त्या वाक्यानं दुखलं. जूनमध्ये साहेब स्वतः पडले होते. त्यांच्या गुडघ्यावरचे टाके सगळ्यांनी कौतुकानं बघितले होते. माझ्या पट्ट्याकडं मात्र सगळे पुराव्याकडं बघावं तसं बघत होते.

पट्टा सुटला, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मी कॉलनीमागच्या टेकाडावर सराव सुरू केला. त्या वर्षी पाऊस लांबला होता, त्यामुळे चिखलाला तोटा नव्हता. सीटच्या मागं बूड नेऊन बसायला शिकले. दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायला शिकले. निसरड्या जागी पुढच्या ब्रेकवरचं बोट उचलायचं, ही सगळ्यांत अवघड गोष्ट होती, कारण भीती वाटली की ते बोट आपोआप आवळलं जायचं. तिथंही पडले. मांड्या सोलवटल्या. घरी कोणाला दाखवल्या नाहीत.

मग एका रविवारी मुद्दाम सकाळी गेले. खडकापाशी पोचले तेव्हा पुरुषमंडळी सायकलींवरून उतरून, त्या हातात धरून एकेक पाऊल टाकत खाली चालली होती.

"उतरा, मॅडम!" साहेब ओरडले. "भयंकर घसरतंय!"

"बाजूला व्हा," मी म्हणाले.

ते झाले. खडकावर मागचं चाक एकदा डावीकडं गेलं, पण बोट मी उचललेलंच ठेवलं. चाक आपसूक सरळ झालं. खडक संपला, उतार संपला आणि खाली खाचराच्या बांधाशी चिखलात चाक रुतून मी सगळ्यांच्या देखत तोंडावर आपटले. वरून कोणीतरी "अरे, पडल्या!" म्हणून धावत निघालं. तो पोचायच्या आत मी उभी राहिले. दातांत माती होती. ती थुंकले आणि वर बघितलं. बाकीचे अजून उतारावरच, सायकली हातात धरून उभे.

थोड्या वेळानं साहेब खाली आले. "खडकावर ब्रेक लावलाच नाहीत?"

"पुढचा नाही."

ते सायकल घेऊन परत वर गेले. खडकाच्या निम्म्यातच पडले. मग पुन्हा चढले. मी बांधावर बसून हँडल सरळ करत होते.

घरी दार सासूबाईंनी उघडलं. डोक्यापासून पायापर्यंत मला बघून म्हणाल्या, "परत?"

"परत."

"मागच्या दारानं ये. फरशी आत्ताच पुसलीय."

मी मागं गेले. नवरा तिथं नळाला पाइप जोडत होता. मला बघून त्यानं विचारलं, "लागलं का?"

"लागलं."

त्यानं पाइप आधी सायकलवर धरला, चिखल निघेपर्यंत. मग माझ्यावर.