चौदावं फीचर

“साहेब, हे पेरणी यंत्र हाय का दाळीची गिरणी?”

कामरगावच्या वंदनाताईंनी मूठ उघडून माझ्यापुढे धरली. आमच्या कंपनीच्या नव्याकोऱ्या यंत्रातून खाली पडलेलं सोयाबीन होतं ते. निम्मे दाणे दुभंगलेले. पेरणीला जेमतेम दहा दिवस होते, आणि घरी राखलेलं बियाणं सहा एकरांपुरतंच. हे असं मातीत गेलं असतं तर दुसरं बी नव्हतं.

मी कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर. झाकण उघडलं. आत रोलर असतो, म्हणजे बी मोजून खाली सोडणारं खाचांचं चाक. जुन्या मॉडेलला ते रबराचं होतं, नव्याला स्टीलचं. सोयाबीनची साल पातळ, ती स्टीलमध्ये टिकणार कशी? तिथूनच मॅनेजरना फोन लावला.

“डिस्प्ले चालू आहे?”

“आहे.”

“अ‍ॅप कनेक्ट होतं?”

“होतं सर, पण बी फुटतंय.”

“बियाणं कस्टमरचं. आपली ब्रोशरमधली तेराच्या तेरा फीचर वर्किंग आहेत. कंप्लेंट क्लोज कर.”

माझं डोकंच फिरलं. किटलीवरची नक्षी हे फीचर. चहा न सांडता कपात पडणं हे फंक्शन. पेरणी यंत्राचं फंक्शन एकच, धड बी जमिनीत सोडणं. तेच होत नसेल तर तेरा फीचर काय चाटायची?

“त्याईले फोनवर नाई समजत,” वंदनाताई म्हणाल्या. “गोणपाटात दाखवू.”

आमच्याकडे पेरणीआधी घरोघरी हेच करतात. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि मग कोंब मोजायचे. ताईंनी दोन गुंडाळ्या केल्या. एकीत पोत्यातलं बी, दुसरीत यंत्रातून पडलेलं.

सहाव्या दिवशी वाशिमला डीलर मीटिंग होती. गुंडाळ्या घेऊन ताई माझ्यासोबत आल्या. टाकीतलं बी संपलं की यंत्र कसं बोलून सांगतं, ते मॅनेजर पडद्यावर दाखवत होते. ताईंनी सरळ जाऊन टेबलावर गुंडाळ्या उलगडल्या. एकीत चौऱ्याऐंशी कोंब. दुसरीत सदतीस, बाकी सगळं सडलेलं. वास सुटला.

“बियाणं नाजूक असेल,” मॅनेजर म्हणाले.

“सोयाबीन नाजूकच असते साहेब,” एक म्हातारे डीलर उठून म्हणाले. “तुमी हिकडे गहू पेराले आले काय?”

त्याच संध्याकाळी मी त्या म्हाताऱ्या डीलरच्या दुकानातला जुना रबरी रोलर ताईंच्या यंत्राला बसवला. सहा एकर बी नीट उगवलं. बोलणाऱ्या डिस्प्लेवर ताईंनी कॅरीबॅग बांधून टाकली. “लय बडबडते ते,” म्हणाल्या.

बाकीच्या गिऱ्हाइकांना कंपनीनं कळवलंसुद्धा नाही. यादी काढून फोन करत मीच बसलो. त्याची चीड अजून गेलेली नाही.

पुढच्या वर्षी नवं ब्रोशर आलं. तेरा फीचर तशीच, आणि तळाशी चौदावं: ‘बी न फोडणारा खास रोलर’. ज्या कामासाठी यंत्र घ्यायचं, ते काम शेवटी, तेही मेहेरबानी केल्यासारखं! तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगतो, ब्रोशर खालून वर वाचा.