सोनाजीदादाच्या बंदुकीची चौकशी

आमच्या वस्तीत सगळ्यात मऊ माणूस कोण, असं विचारलं असतं तर कुणीही सोनाजीदादाच्या घराकडं बोट केलं असतं. तो बैलांना चाबूक दाखवायचा, मारायचा नाही. बैलांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळं बाळापूरच्या बाजारात त्याची गाडी सगळ्यांच्या मागून पोचायची आणि उतरताना तो बैलांनाच विचारायचा, "दमले का रे?"

हा माणूस एक दिवस मला म्हणाला, "रामजी, अर्ज लिहून दे. मला बंदूक पायजे."

मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. वस्तीतले अर्ज लिहायचो. विहिरीचे लिहिले होते, खताचे लिहिले होते. मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

"डुकरं," तो म्हणाला.

मग मला कळलं. त्याचं रान ओढ्याकाठी होतं. दुष्काळ सरून पाणी परतलं होतं, आणि पाण्याबरोबर रानडुकरंही परतली होती. मागल्या हंगामात त्यांनी त्याचा भुईमूग असा उकरला की शेत नांगरल्यासारखं दिसत होतं. तो माळ्यावर बसून डबा बडवायचा. डुकरांना डब्याची सवय झाली.

"यंदा बी भुईमूग गेला तर रान पडीक टाकायचं आन् नांदेडला हमालीला जायचं," तो म्हणाला. "घरवाली सोजराबाई म्हणून राहिली, ती येणार न्हाई. ती रान सोडत न्हाई अन् मी तिला सोडत न्हाई. मंग बंदूकच पायजे."

वारंगा फाट्याला कुणी म्हातारा शिकारी आपली जुनी बंदूक विकत होता. सोनाजीदादा उद्याच ती आणणार होता. कागद मागून करू, असा बेत. मी त्याला थांबवलं आणि कळमनुरीला तहसिलीत जाऊन विचारून आलो. तिथल्या कारकुनानं डोळे मोठे केले. "आधी परवाना, मग बंदूक. तुमच्या मित्रानं उलटं केलं तर बंदुकीआधी तो जमा होईल."

तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता. अर्ज परभणीच्या कलेक्टरांना गेला. सोबत सातबारा, फोटो, आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची एकनळी बंदूक हवी असं स्पष्ट कारण. शिकारीसाठी म्हणून लिहू नका, असं कारकुनानं बजावलं होतं. अर्जातली डुकरांची हकीकत मी जरा रंगवून लिहिली. ती तहसीलदारांनी हसत वाचली असं नंतर कानावर आलं.

मग निरोप आला. ठाण्याचे जमादार चौकशीला येणार.

आमच्या गावात त्याआधी बंदूक एकच होती, पाटलाकडं. पाटील ती खांद्याला लावून निघाले की कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. बंदूक म्हणजे दरारा, एवढंच गावाला माहीत. सोनाजीदादाच्या चुलतीनं, भागूबाईनं, त्यावरून आपला हिशेब बांधला. सरकार मऊ माणसाच्या हातात बंदूक कशाला देईल? ती घरोघर फिरली.

"आपल्या वस्तीची पहिली बंदूक हाय. जमादारापुढं पोराला बारीक करू नका. माहीत हाय ते सांगा, माहीत न्हाई ते बी सांगा."

मी हिंगोलीला नोकरीसाठी नाव नोंदवायला गेलो होतो. परतलो तेव्हा जमादार किसनसिंग लिंबाखाली खाटेवर बसले होते. सायकल झाडाला टेकलेली. भोवती वस्ती. मी मागं उभा राहिलो.

"हां, बोला," जमादार म्हणाले. "सोनाजी कसा माणूस हाय?"

"वाघ!" नरसिंग म्हणाला. त्याचं रान सोनाजीदादाच्या रानाला लागून होतं. "बाळापूरच्या बाजारात तिघं अंगावर आले, साहेब. एकट्यानं लोळवले."

मी चाट पडलो. त्या बाजारात मी होतो. सोनाजीदादानं कांदे घेतले होते. एका बैलानं त्याच्या पायावर पाय दिला होता, आणि त्यानंच बैलाला बाजूनं वाट करून दिली होती.

"कशानं लोळवले?"

"काठीनं," नरसिंग म्हणाला.

"कुऱ्हाडीनं," भागूबाई त्याच वेळी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "एका हातात काठी, एका हातात कुऱ्हाड," भागूबाईनं जोडून दिलं.

मी नरसिंगच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला आणि आणखी मोठ्यानं बोलू लागला.

"राग येतो का त्याला?"

"येतो? जातच न्हाई, साहेब!"

"नशापाणी?"

"न्हाई," नरसिंग म्हणाला. एवढ्यानं वजन पडलं नाही असं वाटून त्यानं पुढं घातलं, "पण प्याला, तर कुणाला आवरायचा न्हाई."

मी सोनाजीदादाकडं पाहिलं. तो खाली बसला होता. हळूहळू त्याची पाठ ताठ होत होती. हात मिशीकडं गेला होता. जन्मात पहिल्यांदा तो आपली कीर्ती ऐकत होता, आणि ती त्याला पटत चालली होती.

"तिघं होते म्हणता?" जमादारांनी विचारलं.

"चौघं," सोनाजीदादा म्हणाला.

जमादारांनी पेन खिशाला लावलं. "सोनाजी, बंदूक विसर. उलट तुझ्यावरच नजर ठेवावी लागणार मला."

 

"काहून, साहेब?" भागूबाईचा आवाज बारीक झाला होता.

"अवो बाई, बंदूक थंड डोक्याच्या माणसाला मिळते. मारामारी नसावी, खटला नसावा, नशा नसावी, शेजाऱ्याशी तंटा नसावा. हेच बघायला तर मी एवढी सायकल हाणत आलो. असल्या माणसाची शिफारस केली तर माझी वर्दी उतरंल."

मग जे झालं ते मी पुस्तकात कुठंही वाचलेलं नाही. सगळी वस्ती एकदम बोलू लागली.

"शेळी हाय हो, साहेब, शेळी!"

"अंधारात लघवीला जायला कंदील लागतो त्याला!"

"मी त्याचा बांध हातभर कोरला साहेब, तरी तोंडातून शब्द काढला न्हाई!" नरसिंग छाती ठोकून ओरडला.

सोनाजीदादानं मान वळवली. "कवा कोरला?"

"ते मागून सांगतो."

"बस!" जमादार उठले. "घडीभरापूर्वी वाघ होता, आता शेळी? मला शिकवून राहिले का तुमी? एक बी खरं न्हाई." त्यांनी सायकलला हात घातला.

त्याच वेळी वस्तीच्या वाटेनं सोजराबाई आली. डोक्यावर कडब्याची पेंढी. ती सकाळपासून रानात होती. भागूबाईचं शिकवणं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, कारण घरचं माणूस म्हणून साक्षीत तिला कुणी धरलंच नव्हतं.

"ही कोण?"

"त्याची बायको," मी म्हणालो.

जमादारांनी हात वर केला. "आता कोणी तोंड उघडायचं न्हाई. बाई, तुझा नवरा कसा माणूस हाय?"

सोजराबाईनं पेंढी खाली टाकली. नवऱ्याकडं पाहिलं. कुणीतरी विचारण्याचीच ती वाट बघत असावी.

"काय सांगू, साहेब? पंचशील आमी समद्यांनीच घेतलं. यानं ते पाळायलाच घेतलं. घरात इंचू निघाला तर टोपल्याखाली झाकतो, ओढ्यापलीकडं सोडून येतो. जाताना त्याला म्हणतो, आता इकडं येऊ नको बरं."

जमादारांच्या मिशा हलल्या.

"आन् डुकरं आली की?"

"माळ्यावरून बोलतो त्यांच्याशी. परवा डुकरीण पिलं घेऊन आली. हा म्हणतो, बाई, लेकरं घेऊन जरा तिकडं सरक ना, तिकडं नरसिंगचं रान हाय."

"आँ?" नरसिंग म्हणाला.

जमादार खाटेवर परत बसले. बसले कसले, कोसळले. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले.

"मंग अशा माणसाला बंदूक कशाला?"

"आवाजाला," सोजराबाई म्हणाली. "ओरडून ओरडून घसा बसला त्याचा. मला हाक मारायला बी उरला न्हाई."

जमादार सोनाजीदादाकडं वळले. आता ते हसत नव्हते. "तू सांग. बाजारात किती होते?"

सोनाजीदादानं वस्तीकडं पाहिलं. सगळे त्याच्याकडं बघत होते. घटकाभर तो वाघ होता. त्याला ते फार आवडलं होतं, हे मला दिसत होतं. त्यानं मिशीवरचा हात खाली घेतला.

"कुणीच न्हाई, साहेब. मी कांदे घेऊन राहिलो होतो."

भागूबाईनं कपाळावर हात मारला. जमादारांनी पेन काढलं.

"ठेवशील कुठं?"

"पेटीत. कुलूप लावून. किल्ली सोजराबाईच्या कमरेला."

"दारू दुसरीकडं ठेवायची, चुलीपासून लांब. घरात भरलेली बंदूक आणायची न्हाई. परवाना सोबत असल्याबिगर ती हलवायची न्हाई. मुदत संपायच्या आधी परभणीचा रस्ता धरायचा, संपल्यावर न्हाई. इलेक्शन आलं की ठाण्यात जमा करायची."

"साहेब," नरसिंगनं विचारलं, "माझ्या रानात डुकरं आली तर मला घटकाभर दिली तर?"

"दोघं बी आत."

"सख्ख्या भावाला?"

"आत."

"लग्नात एखादा बार?" भागूबाईनं विचारलं. "नवरदेव दारात आल्यावर? आभाळाकडं?"

"बाई, तू बी आत."

"पावण्याला निस्ती दाखवायची?"

"पावणा बी आत! आन् हरीण, मोर यांचं नाव काढायचं न्हाई. नवा कायदा आलाय." जमादार उठले, सायकलवर बसले आणि हसत हसत गेले. वळणावर तोल जाऊन ते खताच्या ढिगात उतरले. तिथंही ते हसतच होते.

परवाना आला तेव्हा भुईमुगाला आऱ्या सुटून जमिनीत शेंगा धरू लागल्या होत्या. वारंग्याच्या म्हाताऱ्याची बंदूक तोवर विकली गेली होती, म्हणून आम्ही दोघं नांदेडला दुकानात जाऊन बंदूक घेऊन आलो. येताना एस.टी.त तो परवाना हातात धरून बसला होता. कंडक्टरनं तिकीट मागितलं, त्यानं परवाना दाखवला. घरी जाण्याआधी ठाण्यात उतरून बंदूक दाखवली, नंबर लिहून दिला.

पहिला बार ऐकायला सगळी वस्ती दिवस कलताना ओढ्याकाठी आली. भागूबाई सर्वांत पुढं. नरसिंग तिच्या बाजूला, कमरेवर हात ठेवून. मीही होतो. डुकरं पळताना बघायची म्हणून आम्ही बांधावर ओळीनं उभे राहिलो.

सोनाजीदादानं दारू ठासली. सोजराबाईनं त्याच्या कानात कापूस कोंबला. पलीकडच्या झुडपातून डुकरीण आली, मागं पिलं. भुईमुगात तोंड घालणार, तेवढ्यात त्यानं नळी आभाळाकडं केली.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी ओढ्यात होतो. पाणी गुडघाभर होतं आणि माझ्याशेजारी नरसिंग होता, पार आडवा. भागूबाई बाभळीमागून "बाई गं, बाई गं" करत होती. बाकीची वस्ती गावाच्या वाटेनं पांगली होती. त्यांच्या चपला बांधावर ओळीनं तशाच होत्या.

धूर विरला. रानात एकही डुक्कर नव्हतं. भुईमूग जागच्या जागी होता. त्याच्या मधोमध सोनाजीदादा एकटाच उभा होता, कानात कापूस घालून. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"सोजरे," त्यानं विचारलं, "हे समदे कुठं गेले?"

सोजराबाई माळ्याच्या खांबाला धरून हसत होती.

त्यानं बंदूक जपून खाली ठेवली आणि तोंडाशी हात नेऊन हाक मारली. आवाज खणखणीत निघाला.

"अरे या माघारी! डुकरांला भेव घालायचं होतं, तुमाला न्हाई!"