वरधाव्याला पाणी

नगरहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, बायबल आणि बारा पानांचं भाषण होतं. विषय होता, संदेष्टे आणि मसीहा. ख्रिस्ती मंडळीच्या एका छोट्या शाळेत मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेत असे आणि या विषयावर आपण फार चांगलं बोलतो असा माझा समज होता. बायकोचा समज थोडा वेगळा होता. "बारा पानं? लोक लग्नाला येणार आहेत ना?" असं तिनं पिशवी भरताना विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

बोलावणं भंडारा जिल्ह्यातून होतं, सानगडीच्या अलीकडच्या एका टोलीतून (छोट्या वस्तीतून). तिथले दौलतराव नावाचे शेतकरी मला पूर्वी नागपूरला एका मेळाव्यात भेटले होते. मुलीचं लग्न काढलं तेव्हा त्यांनी लिहिलं, 'लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे असतीलच, तेव्हा संदेष्ट्यांवर चार शब्द बोला.' चार शब्दांची बारा पानं झाली ती माझ्या हौसेनं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि वैशाखाचं ऊन ऐन भरात होतं.

मनमाडला गाडी बदलली, नागपूरला बदलली, आणि सकाळी भंडारा रोड स्टेशनवर उतरलो. गाव मात्र वरठी. भंडारा तिथून पुढे काही मैलांवर. स्टेशनाबाहेर कारखान्याकडे निघालेल्या सायकलींची रांग लागली होती. नवरदेव याच लोखंडाच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याच्याच वऱ्हाडाबरोबर मी जायचं ठरलं होतं. वऱ्हाडासाठी ट्रक सांगितला होता. नवरदेवाचे काका सदाशिवराव, पांढऱ्या मिशांचे आणि मोठ्या आवाजाचे, मला हाताला धरून पुढे घेऊन गेले. "मास्तर, तुम्ही डायवरजवळ बसा जी. मागं लय धूळ होते."

लाखनीला चहासाठी थांबलो. हमरस्त्यावर मालट्रकांची जत्रा होती आणि टपरीवाला उभ्या उभ्या पंधरा पेले भरत होता. तिथे सदाशिवरावांनी मला लग्नातला सल सांगितला. दौलतरावांनी अकरा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून त्यांचे थोरले भाऊ केशवराव त्यांच्याशी बोलले नव्हते. 'तुह्या दारात पाय ठेवणार नाही' असं चारचौघांत बोलून बसले होते. आणि नवरी यमुना तर याच मोठेबाबाच्या (थोरल्या काकांच्या) खांद्यावर वाढलेली. दौलतराव लग्नाचं सांगायला दोनदा गेले, दोन्ही वेळा दार उघडलं नाही.

"पोरगी म्हणते, मोठेबाबा नाही आला तं मी हसत नाही निघणार घरातून," सदाशिवराव पेला ठेवत म्हणाले. "आता आमी काय करावं, सांगा!"

मी मान हलवली आणि पेल्यातला उरलेला चहा प्यायलो.

साकोली सोडून सानगडीच्या रस्त्याला लागलो आणि ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा कडाडून मोडला. टोली अजून दीड कोस. नवरदेवानं बाशिंगाला हात लावला, बायका मोहाच्या झाडांच्या सावलीत बसल्या. उशीर होणार हे दिसतच होतं आणि तिकडे मांडवात लोक काळजी करत बसणार. तेव्हा सदाशिवराव म्हणाले, "वरधावा धाडा."

वरधावा म्हणजे वऱ्हाडाच्या पुढे धावत जाऊन, नवरदेव येतो आहे, हे नवरीकडे सांगणारा माणूस. हा मान नवरदेवाच्या बहिणीच्या नवऱ्याचा. पण वऱ्हाडात गाडीचं काम कळणारे तेवढे एकच होते आणि ते या वेळी ट्रकच्या खाली उताणे पडले होते.

सदाशिवरावांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. माझ्या भाषणाचं सगळं मी त्यांना चहाच्या वेळी सांगितलंच होतं. "मास्तर जातीन! याहीचं कामच हाये ते. बारा पानं लिवून आणले न, कोण कोण येण्याच्या आंधी सांगाले गेलं म्हणून?"

सगळं वऱ्हाड हसलं. वरठीच्या एका कामगारानं आपली सायकलही ट्रकमध्ये टाकून आणली होती. वरठीचा माणूस सायकलीशिवाय लग्नालासुद्धा जात नाही असं दिसलं. ती खाली उतरवली गेली. माझ्या कपाळाला हळद लागली आणि नियम सांगितले गेले. वाटेत कोणाशी बोलायचं नाही. पाणी मागायचं नाही. दारात जायचं, सायकलवरून न उतरता तीनदा ओरडायचं, 'वऱ्हाड आलं जी, पाणी ठेवा!' घरच्यांनी पायावर पाणी घातलं की मगच तोंड उघडायचं. "तलावाची पाळ चढून उतरले का पयलं कौलारू घर," सदाशिवराव म्हणाले.

आता माझी चूक सांगतो. तलावापर्यंत पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. पाळीवरून जाणारी वाट लांबवर वळसा घेत होती आणि तलाव तर कोरडा ठणठणीत, मधे थोडासा चिखल आणि चार म्हशी. मी शहाणपणा केला. सायकल घेऊन सरळ तलावाच्या पोटातूनच आडवा गेलो, पाऊण वाटेत चिखलात एक लोळण घेतली आणि पलीकडे निघालो. समोर पहिलंच घर कौलारू. वाटलं, देव पावला! मांडव दिसत नाही, हे मला खटकायला हवं होतं. पण तहानलेल्या माणसाला काय खटकतं?

ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ अंबाडीचा दोर वळत बसले होते. मी सायकलवर तोल सावरत ओरडलो, "वऱ्हाड आलं जी, पाणी ठेवा!"

त्यांचा हात थांबला. आतून एक बाई धावत आल्या आणि मला पाहून दारातच थबकल्या. कपाळाला हळद, अंगाला चिखल.

"कोणाच्या घरचं वऱ्हाड?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मला बोलायची बंदी! मी दुसऱ्यांदा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडताना तर घशातून अर्धाच आवाज निघाला.

त्या बाई नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "दारात आलेल्या वरधाव्याले वापस धाडत नाही जी. तुमची मायच म्हणे, वरधावा वापस गेला तं वऱ्हाड वापस जाते."

म्हाताऱ्यांनी हातातला दोर बाजूला ठेवला. मग उठले. बाईंनी आणलेला पाण्याचा गुंड (छोटी कळशी) त्यांनी आपल्या हातात घेतला, मला सायकलवरून उतरवलं आणि वाकून माझ्या चिखलाच्या पायांवर पाणी घातलं. मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. मी घटाघट प्यायलो आणि तोंड पुसत म्हणालो, "दौलतराव, काळजी करू नका. ट्रकचा पाटा मोडलाय, पण सगळे सुखरूप आहेत."

"दौलत पलीकडं रायते," ते म्हणाले. "मी केशव."

अकरा वर्षं जे दार उघडलं नव्हतं, नेमक्या त्याच दारात मी बोंब ठोकली होती. मी हात जोडले, चुकलो म्हणालो, सायकल उचलू लागलो.

"थांबा, कायले पळता?" केशवरावांनी सायकलचा दांडा धरला. "पाणी घेतलं का नाही तुमी?"

"घेतलं."

"मंग आता काय? वरधावा ज्याच्या दारात, वऱ्हाड त्याच्या घरचं." ते आत गेले आणि नवा दुपट्टा (उपरणं) खांद्यावर टाकून आले. बायकोला म्हणाले, "चाल. आन आयक, मी दौलतच्या दारात जाऊन नाही राहिलो. माह्या दारचं वऱ्हाड तिथं पोचवाले जाऊन राहिलो."

त्या बाईंनी तोंडाला पदर लावला. हसल्या की रडल्या ते मला समजलं नाही. मला मात्र हसूही येत होतं आणि रडूही.

मांडव वस्तीच्या दुसऱ्या टोकाला होता. दौलतराव हातात पाण्याचा गुंड घेऊन पाळीच्या वाटेकडे डोळे लावून उभे होते, आणि आम्ही आलो त्यांच्या पाठीमागून. ते वळले. गुंड हातातून सुटला. केशवराव मांडवाच्या मेढीशी (खांबाशी) थांबले आणि जरा रागावल्यासारखेच म्हणाले, "पाणी सांडून काय राहिला? पायजे न वऱ्हाडाले!" तेवढ्यात आतून अंगभर हळद लागलेली यमुना "मोठेबाबा!" करत आली आणि त्यांच्या नव्या दुपट्ट्याला चिकटली. दुपट्टा पिवळा झाला. तो त्यांनी नंतर बदलला नाही.

ट्रक दोन तासांनी आला. लग्न पाळकसाहेबांनी लावलं, जेवण टोलीनं घातलं: चिन्नोरचा सुवासिक भात, वांग्याची रस्सेदार भाजी, जवसाची चटणी. मी तीनदा भात घेतला. वाढणाऱ्या बाया मला 'वरधावा, वरधावा' म्हणून चिडवत होत्या आणि प्रत्येक वेळी जास्तच वाढत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मांडवात माझं भाषण झालं. केशवराव अगदी कडेला, पाठ मेढीला टेकून बसले. मी यशयापासून सुरुवात केली. कुमारीच्या पोटी होणाऱ्या बाळाविषयी त्यानं कसं सांगून ठेवलं, मीखानं बेथलेहेम गावाचं नाव कसं घेतलं, जखऱ्यानं गाढवावर बसून येणाऱ्या राजाचं वर्णन कसं केलं, आणि हे सगळं येशूच्या ठायी पूर्ण झालं असं आम्ही का मानतो, ते सांगत तिसऱ्या पानापर्यंत आलो. तेव्हा केशवरावांनी हात वर केला.

"म्हणजे हे सारे वरधावेच न जी?"

हे सोपं वाक्य माझ्या बारा पानांत कुठेच नव्हतं. "हो," मी म्हणालो. "वरधावेच."

"किती आंधी आले?"

"कोणी पाचशे वर्षं आधी, कोणी सातशे."

"अबब! आन नवरदेव पायला कोणी?"

"शेवटच्या एकानं. योहान त्याचं नाव. नदीत उभा राहून त्यानं बोट दाखवलं, हाच तो म्हणून. बाकीचे वाट पाहतच गेले."

"त्याहीले पाणी तं देलं असन न लोकायनं?"

मी हातातलं पान खाली केलं. "नाही. कोणाला मारलं, कोणाला विहिरीत टाकलं. योहानाला तर कैदेत घालून त्याचं मस्तक उडवलं."

केशवराव आपल्या हळदीच्या दुपट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, ती माझ्याकडे नाही, भावाकडे.

"दौलत, तू बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी पयले माह्या दारात आला होता. सांगाले."

"हो दादा."

"मी पाणीबी नाही देलं तुले."

केशवराव उठले, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि अकरा वर्षांनी धाकट्या भावाच्या हातात दिला. "मी काही तुमच्यात येऊन नाही राहिलो, हे साऱ्याईनं ध्यानात ठेवा," ते जागेवर परत जाताना म्हणाले. "माहे देव मले पुरे हायेत. पण पाणी द्याले पायजे होतं."

लोक हसले, दौलतराव तांब्या तोंडाला लावून रडत होते. मी उरलेली नऊ पानं घडी करून खिशात घातली. त्यापुढे वाचण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

त्याच दुपारी केशवरावांनी मला स्वतःच्या बंडीतून (बैलगाडीतून) साकोलीला सोडलं. वाटेत ते धानाविषयी, तलावाच्या गाळाविषयी बोलत होते. संदेष्ट्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. बस आल्यावर त्यांनी चिन्नोरची पुरचुंडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पाळीवरून या जी. तलाव भरला असन."

नगरला घरी पोचलो तर बायकोनं पहिला प्रश्न तोच विचारला. "किती पानं झाली?" मी म्हटलं, तीन. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी मुकाट्यानं सोसला आणि तिला सगळं सांगितलं.

संदेष्ट्यांवर मी अजूनही शिकवतो, बऱ्यापैकी शिकवतो. पूर्वी मी मुलांना एवढंच विचारायचो, की ते काय बोलले. आता आणखी विचारतो, ते आले तेव्हा दारात कोण होतं आणि त्यानं काय केलं. आणि आमच्या दारात भर दुपारी कोणी काही सांगायला आलं, मग ते मला पटणारं असो की नसो, मी आधी आत जातो आणि तांब्या भरून आणतो.